दिवा आपला, डोळे समोरच्याचे

आपल्या वस्तीत चारचाकी येणे ही एके काळी बातमी असे. आता तसे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा कंपनीत कायम होतो, कुणाच्या निवृत्तीची रक्कम हातात पडते, कुठे दोघे भाऊ मिळून पैसे घालतात आणि दारात एक मोटार उभी राहते. नवी परवडत नाही, म्हणून आठ-दहा वर्षे चाललेली घेतली जाते. पहिल्या आठवड्यात सीटकव्हर येतात, दुसऱ्या आठवड्यात गाणी वाजवायचा टेप येतो. मग पहिला रात्रीचा प्रवास झाला की हेडलाइटचा विषय निघतो. "उजेड कमी पडतो हो," हे वाक्य प्रत्येक सेकंडहँड गाडीच्या मालकाच्या तोंडी असते. आमच्याही होते. त्या वाक्यापायी आम्ही काय करून बसलो आणि त्यातून काय शिकलो, ते आज या सदरात सांगायचे आहे. आमची चूक आमच्यापाशीच राहिली तर तिचा कुणाला उपयोग नाही.

आमच्याकडे २०१२ सालची पांढरी व्हॅगन आर आहे. चाळिशी ओलांडल्यापासून आम्हाला रात्रीचे थोडे कमी दिसते, त्यात गाडीच्या दिव्याच्या काचा पिवळट झालेल्या. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एलईडी टाकून घ्या. दिवसासारखं दिसतं." शहरातल्या एका दुकानातून जोडी घेतली. खोक्यावर वीस हजार ल्युमेन असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. बल्बांचे २८०० रुपये आणि बसवायचे ३०० दिले. त्या रात्री गल्लीत गाडी उभी करून दिवे लावले, तर समोरच्या लिंबाच्या झाडाची पानन् पान मोजता यावी असा पांढराशुभ्र उजेड पडला. पोरे टाळ्या वाजवू लागली. आम्हीही खूश झालो. रस्त्यासाठी घेतलेला उजेड झाडाच्या शेंड्यावर काय करतो आहे, हा प्रश्न तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

२०२४ च्या जानेवारीत राहुरीला थोरल्या बहिणीच्या घरी साखरपुडा होता. कार्यक्रम उरकून मनमाडला परत निघायला उशीर झाला. गाडीत आई, सौ., दोन्ही मुले आणि आम्ही, असे पाचजण. डिकीत बहिणीने दिलेले बाजरीचे पोते आणि उसाची मोळी. उसाच्या हंगामात नगर-मनमाड रस्ता कसा असतो, हे त्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या, त्यांच्या मागे फार तर एखादा कंदील. अशा रस्त्यावर आमच्या नव्या दिव्यांचा आम्हाला मोठाच आधार वाटत होता.

कोपरगाव मागे पडले. रात्रीचे साडेबारा झाले असतील. समोरून एक सायकल येत होती. आम्हाला ती लांबूनच दिसली, चाकाचे आरेसुद्धा दिसले. दिवा डिपरवरच होता. सायकल जवळ आली तशी डगमगली आणि एकाएकी साइडपट्टीवरून खाली गेली. आमची गाडी तिला लागली नव्हती. मधे चांगले हातभर नव्हे, गाडीभर अंतर होते. तरी आम्ही गाडी थांबवून धावलो. साखर कारखान्याच्या दुसऱ्या पाळीवरून घरी चाललेले पन्नाशीचे गृहस्थ होते. कोपर सोलवटले होते, गुडघ्याला मार लागला होता, जेवणाचा डबा खड्ड्यात उघडा पडला होता. आईने आपल्या पदराने त्यांच्या हाताचे रक्त पुसले.

आम्ही म्हणालो, "भाऊ, आम्ही तर तुम्हाला बघितलं होतं. गाडी लांब होती."

ते म्हणाले, "तुम्ही मला बघितलं, दादा. मला तुमची गाडी दिसलीच नाही. नुसता उजेड दिसला. रस्ता कुठं संपतोय तेच कळंना."

त्यांना घरापर्यंत सोडले, सायकल डिकीला बांधून नेली. पुढचा सगळा रस्ता गाडीत कुणी बोलले नाही. त्या खड्ड्याच्या जागी विहीर असती तर? त्यांच्या मागून एखादा ट्रक येत असता तर?

बल्बचे घर

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओळखीच्या वायरमनकडे गेलो. तीस वर्षे गाड्यांचे वायरिंग करणारा माणूस, सगळे त्यांना वस्तादच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडले, बल्ब बाहेर काढून हातात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, बल्ब वाईट नाही. बल्बचं घर चुकलं." मग त्यांनी जे समजावून सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो.

आपल्याकडच्या पुष्कळशा लहान गाड्यांत एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. एक अप्परची, ६० वॉटची. दुसरी डिपरची, ५५ वॉटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ती वाटी तारेचा उजेड आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही. फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड परतून खाली रस्त्यावर जातो. खालच्या भागावर उजेड पडला असता तर तो परतून वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. म्हणजे डिपरची सगळी करामत त्या वाटीत आणि तारेच्या नेमक्या जागेत आहे. आतला आरसा त्या जागेचा हिशोब धरूनच घडवलेला असतो. तार एखाददुसरा मिलिमीटर पुढेमागे झाली तरी उजेडाचा आकार बिघडतो.

ज्यांचे लहानपण रॉकेलच्या चिमणीपुढे अभ्यास करण्यात गेले, त्यांना हे पटकन कळेल. चिमणीच्या मागे चकचकीत पत्रा लावला की पाटीवर उजेड पडायचा. पत्रा तोच, चिमणी तीच, पण चिमणी चार बोटे सरकवली की उजेड पाटीवरून उठून भिंतीवर जायचा. हेडलाइटचेही तसेच आहे.

एलईडीच्या बल्बात तार नसते, चपट्या चकत्या असतात. चांगल्या बनावटीच्या बल्बांत त्या तारेच्या जागी आणायचा प्रयत्न केलेला असतो, तरी तारेसारखा चहूबाजूंनी उजेड त्या देत नाहीत. स्वस्त मालात तर तेवढाही प्रयत्न नसतो. मग डिपर लावला तरी उजेड वर-खाली सगळीकडे फेकला जातो. चालवणाराला जवळचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून तो खूश होतो. पण जवळ फार लख्ख असले की लांबचा अंधार डोळ्यांना अधिकच काळा वाटतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. आम्ही कारकून माणसे, आकडा दिसला की ताळा करून पाहतो. आमच्या खोक्यावर ५५ वॉट आणि वीस हजार ल्युमेन लिहिले होते. बाजारातला चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. म्हणजे ५५ वॉटचे फार तर सव्वाआठ हजार होतात. बाकीचा उजेड फक्त खोक्यावर! आणि ज्या हॅलोजनला आम्ही कमी समजून काढून टाकले, त्याचे प्रमाण डिपरला साधारण १००० ल्युमेन आणि अप्परला १६५० ल्युमेन एवढेच आहे. तेवढ्या उजेडावर गेली कितीतरी वर्षे जगभर गाड्या चालत आल्या. कारण तो उजेड जिथे हवा तिथे पडतो. उजेड किती आहे त्याहून तो कुठे पडतो, हे महत्त्वाचे.

आधी काच, मग फोकस

वस्तादांनी आम्हाला जो क्रम सांगितला, तोच वाचकांनी धरावा. नवे काही विकत घेण्याआधी आहे ते नीट करावे.

पहिली गोष्ट काच. जुन्या फियाट-अॅम्बेसेडरच्या दिव्यांना खरी काच असे. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेटचे प्लास्टिक असते. ते फुटत नाही, पण उन्हाने त्याच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ते पिवळे, धुरकट होते. मग आतला चांगला उजेडही बाहेर येता येता अडतो आणि विखरतो. आमच्या उजेडाच्या तक्रारीचे अर्धे मूळ तिथेच होते. पाणी लावून बारीक, मग आणखी बारीक पॉलिशपेपरने काच घासतात, मग पॉलिश करतात. पण एवढ्यावर थांबू नये. शेवटी उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर मारून घ्यावा. तो नसेल तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने घासायचा घरगुती उपाय पुष्कळजण करतात. त्याने चार दिवस चमक येते, पण तो थर काही परत येत नाही.

दुसरी गोष्ट फोकस. हे काम घरच्या घरी तपासता येते आणि त्याला एक पैसा लागत नाही. सपाट जागी भिंतीला लागून गाडी उभी करावी. टायरात हवा बरोबर असावी, चालवणारा आत बसलेला असावा. प्रत्येक दिव्याच्या बल्बच्या मध्यासमोर भिंतीवर खडूने फुली करावी. मग गाडी सरळ मागे घ्यावी. दिवा भिंतीपासून पाच मीटर अंतरावर आला की थांबावे आणि डिपर लावावा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामधली एक रेघ दिसते. ती रेघ फुलीच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली असावी. दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. म्हणजे शंभराला एक असा उतार. रेघेची डावी बाजू थोडी वर चढलेली दिसेल. ती चूक नव्हे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डाव्या कडेचा माणूस, बैलगाडी, मैलाचा दगड लांबून दिसावा यासाठी तशी रचना असते. परदेशातून सुटे करून आणलेले दिवे बाजारात स्वस्तात मिळतात. ते उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातले असले तर त्यांची चढती बाजू उजवीकडे असते, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. असे दिवे फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

रेघ वर-खाली असेल तर दिव्याच्या मागे त्यासाठी स्क्रू असतो. गॅरेजवाला पाच मिनिटांत ती जुळवून देतो.

तिसरी गोष्ट तर आम्हाला गाडी घेऊन दीड वर्ष झाले तरी ठाऊक नव्हती. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला डॅशबोर्डवर एक लहान चक्री असते. तिच्यावर ०, १, २, ३ असे आकडे आणि दिव्याचे चित्र असते. आम्ही तिला कधी हात लावला नव्हता. मागे माणसे बसली, डिकीत सामान भरले की गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि तोंड वर उचलले जाते. त्याबरोबर दिवेही वर पाहू लागतात. अशा वेळी ती चक्री फिरवून दिवे खाली करायचे असतात. एकटा चालवणारा असेल तेव्हा शून्य, आणि ओझे वाढेल तसा वरचा आकडा. कोणत्या ओझ्याला कोणता आकडा, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. त्या रात्री आमच्या गाडीत पाच माणसे आणि बाजरीचे पोते होते आणि चक्री शून्यावर होती! आधीच चुकीचा बल्ब, त्यात वर उचललेले तोंड. त्या गृहस्थांचे डोळे दिपले नसते तरच नवल.

बल्ब आणि वायर

काच आणि फोकस झाल्यावर बल्बकडे यावे. हॅलोजन बल्ब जळेपर्यंत चालतो हे खरे, पण तोवर त्याचा उजेड हळूहळू उतरत जातो. बरीच वर्षे झाली असतील तर चांगल्या कंपनीची ६०/५५ वॉटची जोडी घ्यावी. एक जळाला तरी दोन्ही बदलावेत, म्हणजे उजेड सारखा राहतो. बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेला चिकटले की तापल्यावर तिथेच बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरावा. ज्यांना थोडा जास्त उजेड हवा, त्यांच्यासाठी त्याच वॉटचे पण अधिक प्रखर तारेचे बल्ब मिळतात. ते महाग असतात आणि आयुष्याने कमी असतात, पण तार आपल्या जागी असते. त्यामुळे समोरच्याला त्रास होत नाही. ज्याला काही सुधारणा करायचीच आहे, त्याच्यासाठी ही वाट बरी.

निळसर काचेचे बल्ब दिसायला झोकदार. पण निळा रंग म्हणजे काचेवरची चाळणीच. ती काही उजेड अडवून ठेवते. पैसे जास्त आणि उजेड कमी, असा हा व्यवहार.

दुकानदार आणखी एक माल पुढे करतात, तो म्हणजे "शंभर-नव्वद"चा बल्ब. १०० वॉट अप्पर आणि ९० वॉट डिपर. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून साधारण नऊ अँपिअर वीज ओढतात, तर ९० चे दोन पंधरा अँपिअर. गाडीची वायर आणि स्विच नऊचा हिशोब धरून घातलेले असतात. मग होल्डर वितळतो, स्विच जळतो, आतल्या आरशाचा मुलामा काळा पडतो. असे जळके होल्डर वस्तादांच्या टेबलाच्या खणात डबाभर आहेत.

पुष्कळदा बल्ब चांगला असतो, पण त्याच्यापर्यंत वीज पुरेशी पोचत नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टवर फार अवलंबून असतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी घसरले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बल्बच्या होल्डरपाशी मीटर लावून व्होल्ट मोजून घ्यावेत आणि ते बॅटरीपाशी मोजलेल्या व्होल्टशी ताडून पाहावेत. फरक एक-दीड व्होल्टचा निघाला तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. आमच्या गाडीत अर्थची वायर गंजलेली निघाली. ती घासून आवळली, एक होल्डर बदलला आणि काम झाले. तेवढ्याने भागले नाही तर बॅटरीवरून थेट जाड वायर आणि रिले टाकून घेतात. हे काम मात्र जाणत्या माणसाकडून आणि फ्यूज घालूनच करून घ्यावे. कापाकापी केलेल्या वायरिंगमुळे गाडीला आग लागली तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

मग एलईडी वाईट का?

नाही. एलईडी वाईट नाही. आज पुष्कळ नव्या गाड्या कारखान्यातूनच एलईडीचे दिवे घेऊन येतात. त्या दिव्यांत आरसा, भिंग, थंडावा देणारी पंखे-पट्टी असे सगळे एलईडीसाठीच घडवलेले असते आणि तो संपूर्ण दिवा तपासून मंजूर झालेला असतो. चूक होते ती हॅलोजनच्या घरात एलईडी घुसवण्यात. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, तीसुद्धा तपासलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. कोणता बल्ब कोणत्या गाडीला, याची यादी असते. आपल्या बाजारातल्या खोक्यावर मात्र "सर्व गाड्यांना चालेल" असे लिहिलेले असते. सर्व गाड्यांना चालणारा बल्ब म्हणजे कोणत्याच गाडीसाठी न घडवलेला बल्ब. झेनॉनच्या एचआयडी किटची गोष्टही हीच.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा आम्हाला एक दुसराच नियम मोलाचा वाटला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम क्रमांक १०६. त्यात म्हटले आहे की दिवा असा खाली झुकलेला असावा की गाडीपुढे आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणार नाही.

दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतात? दुसऱ्या मोटारीत बसलेल्या माणसाचे नसतात, ते त्याहून खाली असतात. दीड मीटरवर डोळे असतात ते पायी चालणाऱ्याचे आणि सायकलवरच्याचे. नियम लिहिणाऱ्याने आठ मीटरवर एक माणूस उभा करून ठेवला आहे. रात्रपाळीवरून येणारा, बाजार उठल्यावर डोक्यावर पाटी घेऊन निघालेली, पहाटे एसटी गाठायला चाललेली मुलगी. वाचकहो, ती आपलीच माणसे आहेत. काल-परवापर्यंत आपणही त्या आठ मीटरवरच उभे होतो. मोटार आली म्हणून आपण काचेच्या आत आलो एवढेच.

वेगाचा हिशोब

दिवे कितीही चांगले केले तरी एक मर्यादा राहते. नीट जुळवलेल्या डिपरमध्ये अंगावर गडद कपडे असलेला माणूस साधारण चाळीस-पन्नास मीटरवर दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर पंचवीस मीटर संपले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी वीस-पंचवीस. एकूण पन्नासच्या आसपास. म्हणजे साठच्या वेगाला डिपरचा उजेड जेमतेम पुरतो. ऐंशीला पाऊणशे मीटर लागतात, तिथे तो पुरत नाही. तेव्हा "उजेड कमी पडतो" असे वाटले की आधी वेग कमी करावा. हा सगळ्यात स्वस्त उपाय.

रस्ता मोकळा असेल तर अप्पर जरूर वापरावा, तो त्यासाठीच आहे. पण समोरून कुणी येताना दिसले की लगेच डिपर द्यावा, मग ते मोटारीतून येवो, सायकलवरून येवो वा पायी. मोटारीला डिपर देतो आणि पायी माणसाला देत नाही, असे पुष्कळजण करतात. समोरचा डिपर देत नसेल तर चिडून आपणही अप्पर मारू नये. दोघेही आंधळे होऊन कुणाचेच भले होत नाही. नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवावी आणि वेग उतरवावा. दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला सरावायला काही सेकंद घेतात आणि वय वाढते तसा हा वेळ वाढतो. धुक्यात अप्पर लावू नये. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच तोंडावर येतो.

आता आमचा हिशोब. चुकीच्या वाटेने गेलेले रुपये ३१००. बरोबर वाटेने लागलेले असे: काच पॉलिश आणि थर ५००, हॅलोजनची जोडी ४६०, होल्डर आणि अर्थचे काम २५०, फोकस जुळवणे १५०. एकूण १३६०. आधी वस्तादांकडे गेलो असतो तर १३६० मध्येच भागले असते आणि एका कष्टकरी माणसाचे कोपर सोलवटले नसते. ते एलईडी बल्ब आम्ही कुणाला विकले नाहीत. फुकट मागणारेही भेटले. दिले नाहीत.

महिनाभराने राहुरीला जाताना मुद्दाम त्या गृहस्थांच्या घरी थांबलो. सायकलीला लावायला लाल रिफ्लेक्टर आणि चमकणाऱ्या पट्ट्या नेल्या होत्या. आमच्या मुलाने त्या चाकांना आणि मडगार्डला चिकटवून दिल्या. चहापाणी होईतो अंधार पडला. निघताना आम्ही त्यांना म्हणालो, "भाऊ, जरा गाडीपुढं उभं राहता का? आठ मीटरवर." त्यांनी हसत पावले मोजली आणि टपरीच्या मिणमिणत्या बल्बाखाली जाऊन उभे राहिले. आम्ही डिपर लावला.

"कसं काय, भाऊ?"

त्यांनी कपाळावर हात नेला नाही, डोळेही मिटले नाहीत. थोडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "दादा, तुमची गाडी पांढरी हाय होय? त्या दिवशी काय कळलंच नव्हतं."

वाचकहो, आपल्या दारात गाडी असेल तर आज रात्री ती एखाद्या भिंतीसमोर उभी करा, खडूने दोन फुल्या काढा आणि रेघ कुठे पडते ते पाहा. मग घरातल्या कुणाला तरी आठ मीटरवर उभे करून विचारा, "गाडी दिसते का?" नुसता उजेड दिसतो म्हणाले, तर उद्या सकाळी गॅरेज गाठा.